जोडीने परदेशी जाताना: दोघांच्या विमानाच्या तारखा कशा ठरवाव्यात

परदेशात नोकरी लागली की हमखास एक सल्ला मिळतो: "भारतात १८२ दिवसांपेक्षा कमी राहा, झाला एनआरआय!" म्हणजे करासाठी अनिवासी भारतीय. एकट्या माणसाला तो बहुतेक वेळा चालतो. जोडप्याने त्यावर विसंबून राहू नये. कराचा रहिवासी दर्जा कुटुंबाचा नसतो, माणसागणिक असतो. त्यामुळे नवरा एनआरआय आणि बायको रहिवासी, किंवा उलट, असं एकाच वर्षात सहज होतं. खालचं सगळं भारतीय पासपोर्टवर पहिल्यांदाच भारतातून बाहेर पडणाऱ्यांसाठी आहे.

१. विवाह प्रमाणपत्रावरची नावं पासपोर्टशी अक्षरन् अक्षर जुळवून घ्या. मग आधी राज्य सरकारकडून आणि नंतर परराष्ट्र मंत्रालयाकडून ते प्रमाणित करून घ्या. दुबई-अबुधाबीला जाणार असाल तर नुसत्या अपोस्टिलवर (परदेशात कागद चालावा म्हणून परराष्ट्र मंत्रालय देतं ते प्रमाणपत्र) भागत नाही, दूतावासाचा शिक्काही लागतो.

२. ऑफरवर सही करण्याआधी जोडीदाराला तिथे काम करता येईल का ते पाहा. अमेरिकेत एल-१ वाल्याच्या (कंपनीनेच बदली करून पाठवलेल्याच्या) जोडीदाराला व्हिसाबरोबरच कामाची मुभा मिळते. एच-४ वर, म्हणजे एच-१बी या नोकरीच्या व्हिसावाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, ती आपोआप मिळत नाही, बहुतेकांना एच-१बी धारकाचा आय-१४० (ग्रीन कार्डसाठी कंपनीने केलेला अर्ज) मंजूर होईपर्यंत थांबावं लागतं. सिंगापूरमध्ये डिपेंडंट पासवर (नोकरीवाल्याच्या कुटुंबीयांना मिळणाऱ्या परवान्यावर) नोकरी करायची तर स्वतःचा वर्क पास लागतो. जर्मनीत अडचण नाही. एचआरच्या "होऊन जाईल" या उत्तरावर समाधान मानू नका, लेखी घ्या.

३. नोकरीवाल्याची तारीख सोपी आहे. नोकरीसाठी देश सोडणाऱ्या भारतीय नागरिकाला त्या आर्थिक वर्षात १८२ दिवसांची मर्यादा आहे. २८ सप्टेंबरला किंवा त्याआधी निघालात की काम झालं. निघण्याचा दिवसही भारतातलाच धरा.

४. आता जोडीदाराची तारीख. हे प्रकरण नीट समजायला मलाही बराच वेळ लागला, कारण जो तो १८२ चा आकडा दोघांनाही लावत होता. १८२ ची सवलत "नोकरीसाठी" जाणाऱ्याला आहे. डिपेंडंट व्हिसावर जाणारा माणूस नोकरीसाठी निघालाय हे पटवणं कठीण. त्याला मूळ नियम लागतो: त्या वर्षात भारतात ६० दिवस आणि आधीच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस झाले असतील, तर तो रहिवासी. जन्मापासून इथेच राहिलेल्या माणसाचे ३६५ केव्हाच भरलेले असतात. उरतात ते ६०, आणि ते मे महिन्याच्या शेवटीच संपतात.

समजा, बायको नोकरीसाठी १० जूनला गेली आणि नवरा १० जुलैला डिपेंडंट व्हिसावर. तिचे ७१ दिवस, ती अनिवासी. त्याचे १०१ दिवस, तो रहिवासी. ऑक्टोबरमध्ये त्याला तिकडे नोकरी लागली, तर ३१ मार्चपर्यंतचा तो परदेशी पगार त्याच्या भारतातल्या रिटर्नमध्ये दाखवावा लागतो. दोघांनी मिळून उघडलेलं तिथलं बँक खातंसुद्धा त्याच्या रिटर्नच्या परदेशी मालमत्तेच्या रकान्यात जातं. हा रकाना रिकामा सोडू नका. काळ्या पैशाविरोधी कायद्यात यासाठी १० लाखांचा दंड आहे. छोट्या शिलकीच्या बँक खात्याला त्यातून आधीपासून सूट आहे आणि २०२४ पासून तिची मर्यादा वाढली असली, तरी त्या भरवशावर कोणी राहू नये.

मग जोडीदाराने निघावं कधी? तिकडे लगेच कमाई सुरू होणार असेल, तर २९ मेपर्यंत, किंवा सरळ आधीच्या मार्चमध्ये. मार्चमध्ये गेल्यास ते वर्ष रहिवासी म्हणूनच संपतं, पण परदेशी उत्पन्न जवळपास नसतंच. कमाई होणारच नसेल, तर या तारखांसाठी एकमेकांपासून लांब राहणं हा निव्वळ वेडेपणा आहे. जुलैत जा, खातं दाखवा, विषय संपला.

५. पलीकडच्या देशाचाही हिशेब करा. तिथलं करवर्ष बहुधा जानेवारी ते डिसेंबर असतं, म्हणून दोन्हीकडे रहिवासी ठरणं नवलाचं नाही. अशा वेळी दुहेरी करआकारणी टाळण्याचा करार आधी कायमचं घर कुठे आहे ते विचारतो. घर दोन्हीकडे असेल तर कौटुंबिक आणि आर्थिक संबंध कुठे जास्त घट्ट आहेत ते बघतो. जोडीदार, मुलं आणि मोकळं ठेवलेलं घर भारतात असेल, तर पारडं भारताकडे झुकतं. जोडीदाराचा व्हिसा रखडला की करही अडतो तो इथे. जर्मनीत तर जोडीदार भारतात असेपर्यंत विवाहितांची एकत्रित आकारणी सहसा मिळत नाही. तो डिसेंबरमध्ये राहायला आला तरी मात्र ती अख्ख्या वर्षासाठी घेता येते.

कराराचा फायदा घ्यायचा तर तिथल्या कर खात्याकडून रहिवासाचा दाखला, म्हणजे टीआरसी, मागवा. दोघांचा वेगवेगळा. "पगारपत्रक चालेल" म्हणणाऱ्या सीएला नमस्कार करा आणि दुसरा शोधा.

६. बँकेला कळवून बचत खातं एनआरओ (अनिवासींचं रुपयांतलं खातं) करून घ्या. परकीय चलनाच्या कायद्यात दिवसांपेक्षा जाण्याचा हेतू महत्त्वाचा असल्यामुळे आयकरात रहिवासी असलेल्या जोडीदारालाही हे करावं लागतं. बँकेतला माणूस गोंधळेल. तुम्ही गोंधळू नका.

७. पासपोर्टवरच्या शिक्क्यांचे फोटो आणि बोर्डिंग पास दोघांचेही जपून ठेवा.