बूस्टर चालू आहे, रेंज फुल आहे, तरी कॉल कट होतोय? सीमाभागातल्या घरांसाठी काय काय तपासायचं

रेंज फुल दाखवते, मोबाइलचा सिग्नल मोठा करणाऱ्या बूस्टरचा दिवा हिरवा आहे आणि तरी बोलता बोलता कॉल कट होतो, ही तक्रार खानापूर, निपाणी आणि बेळगाव तालुक्याच्या पश्चिमेकडच्या गावांतनं सारखी ऐकायला मिळते. लोक मग अजून मोठा बूस्टर घ्यायला निघतात. थांबा जरा. आपल्याकडं बऱ्याचदा रेंज कमी नसतेच, उलट दोन राज्यांची रेंज एकाच घरात येत असते, आणि बूस्टर ती दोन्हीकडची उचलून आत आणतो. ते कसं ओळखायचं आणि काय करायचं ते सांगतो.

पण त्याच्या आधी एक महत्त्वाचं. आपल्या देशात मोबाइल बूस्टर स्वतः विकत घेऊन लावणं बेकायदेशीर आहे, १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्यापासून हे चालत आलंय आणि दूरसंचार खातं वारंवार सांगतं की बूस्टर लावायचा अधिकार फक्त लायसन्स असलेल्या मोबाइल कंपनीला आहे. ऑनलाइन सहज मिळतो म्हणून तो चालतो असं नाही. आणि हे नुसतं कागदावरचं नाही बघा, खराब बूस्टर टॉवरच्या दिशेनं सतत कचरा सिग्नल फेकत राहतो, टॉवरला मग लांबच्या फोनचा आवाज ऐकूच येत नाही, म्हणजे तुमच्या घरात चार काड्या आल्या पण गल्लीतल्या पंधरा घरांचे कॉल कट व्हायला लागले. त्यामुळं तुमचा बूस्टर कंपनीनं लावलेला नसेल तर तो बंद करा आणि सरळ खाली वायफाय कॉलिंगचा, म्हणजे टॉवरऐवजी घरच्या वायफायवरनं कॉल करायचा, भाग वाचा, तुमचं काम बहुतेक तिथंच होईल. कंपनीनं लावून दिलेला असेल तर पुढचं सगळं तुमच्यासाठी. यातलं बघायचं काम तुम्ही करा, उघडायचं आणि हलवायचं काम त्यांच्या इंजिनिअरकडनं करून घ्या, पण त्याला नेमकं काय सांगायचं हे तुम्हाला माहीत असलं तर काम एका फेरीत होतं, नाहीतर तो येतो, दिवा हिरवा बघतो आणि जातो.

पहिली परीक्षा सगळ्यात सोपी. बूस्टरचा प्लग काढा आणि एक दिवस तसंच फोन वापरून बघा. कॉल कट व्हायचं प्रमाण तेवढंच राहिलं तर दोष बूस्टरचा नाही. कमी झालं तर बूस्टरच बिघाड करतोय. आणि वाढलं तर बूस्टर काम करतोय पण कुठंतरी अर्धवट. ही परीक्षा न करता पुढं जाऊ नका.

काड्यांवर विश्वास ठेवू नका, आकडा बघा. अँड्रॉइडमध्ये सेटिंग्ज, अबाउट फोन, सिम स्टेटस इथं सिग्नल स्ट्रेंथ डीबीएममध्ये दिसते. बऱ्याच फोनवर *#*#४६३६#*#* डायल केलं की जास्त माहिती येते, सॅमसंगवर *#००११#, आयफोनवर *३००१#१२३४५#* लावून कॉल करायचा. फोरजीमध्ये आरएसआरपी नावाचा आकडा असतो, सिग्नल किती जोरात येतोय ते तो सांगतो, तो मायनसमध्ये असतो, उणे ८० च्या आसपास म्हणजे मस्त, उणे १०० म्हणजे चालतंय, उणे ११५ च्या खाली गेला की कॉलचं काही खरं नाही. दर ३ डीबीला ताकद निम्मी किंवा दुप्पट होते हे ध्यानात ठेवा. त्याच्याबरोबर एसआयएनआर दिसत असेल तर तोही बघा, तो सिग्नल किती स्वच्छ आहे ते सांगतो. आरएसआरपी चांगला आणि एसआयएनआर शून्याच्या आसपास किंवा खाली असला तर बूस्टर नुसता गोंगाट मोठा करून आत सोडतोय, आणि अशा घरातच काड्या फुल असून कॉल तुटतो.

आता आपल्या भागाची खास गोष्ट. मोबाइल कंपन्यांचा कारभार सर्कलवर चालतो, कर्नाटक एक सर्कल, महाराष्ट्र आणि गोवा मिळून दुसरं (मुंबई वेगळी). एकाच कंपनीचं सिम असलं तरी दोन सर्कलमधलं नेटवर्क फोनच्या दृष्टीनं वेगळं असतं, त्याचा कोड वेगळा. बेळगाव तालुक्यातल्या बाचीत उभं राहिलं की समोर शिनोळी, म्हणजे चंदगड तालुका, महाराष्ट्र. कोगनोळीहून कागल हाकेच्या अंतरावर. कणकुंबीच्या पुढं चोर्ल्याला गोवा. फोनला रस्त्यावरची पाटी कळत नाही, त्याला जो टॉवर जोरात ऐकू येतो तो तो धरतो. एकाच सर्कलच्या दोन टॉवरमध्ये चालू कॉल अलगद इकडनं तिकडं जातो, पण दोन सर्कलच्या टॉवरमध्ये ती सोय सगळीकडं नीट बसवलेली नसते, आणि मग कॉल कट.

आता यात बूस्टर घाला. छतावरची अँटेना शिनोळीकडं तोंड करून लावली, तिकडचा टॉवर उघड्यावर दिसतो म्हणून. घरात त्यामुळं महाराष्ट्राची रेंज जोरात. परड्यात मात्र बूस्टर पोचत नाही, तिथं कर्नाटकाचा टॉवर. तुम्ही कॉल घेऊन माजघरातनं मागच्या दारी गेलात की कट. परत लावला तर लागतो, परत आत आलात की परत कट. लोक म्हणतात बूस्टर खराब आहे. बूस्टर अगदी बरोबर आहे, त्याचं तोंड चुकीच्या राज्याकडं आहे.

हे ओळखायला त्याच *#*#४६३६#*#* च्या स्क्रीनवर किंवा नेटवर्क सेल इन्फोसारख्या अॅपमध्ये एमसीसी (देशाचा कोड) आणि एमएनसी (नेटवर्कचा कोड) असे दोन आकडे बघा. जिओचं कर्नाटक ४०५-८६१, महाराष्ट्र ४०५-८६४. एअरटेलचं कर्नाटक ४०४-४५, महाराष्ट्र ४०४-९०. बीएसएनएलचं कर्नाटक ४०४-७१, महाराष्ट्र ४०४-६६. घरात, अंगणात, परड्यात, माडीवर फिरून प्रत्येक ठिकाणचा आकडा कागदावर लिहा. घरात एक आणि बाहेर दुसरा आला तर रोग सापडला. उपाय दोन. एक, अँटेना सिम ज्या सर्कलचं आहे त्या टॉवरकडं फिरवून घ्यायची, तिकडची रेंज थोडी कमी आली तरी चालेल, पण घरात आणि बाहेर एकच नेटवर्क पाहिजे. दोन, फोनमध्ये नेटवर्क सिलेक्शन ऑटोमॅटिक काढून मॅन्युअली आपल्या सर्कलचं निवडायचं. दुसऱ्यात एक अडचण आहे की तुम्ही कोल्हापूरला किंवा गोव्याला गेलात की फोन बंद पडल्यासारखा होईल, तेव्हा प्रवासाला निघताना परत ऑटोमॅटिक करा, घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या फोनवर तर हे करूच नका, ऐन वेळी त्यांना ते सुधरायचं नाही.

टॉवर कुठं आहेत ते दूरसंचार खात्याच्या तरंग संचार पोर्टलवर नकाशात दिसतात. अँटेना फिरवताना एकदम गरकन फिरवायची नाही, थोडी फिरवायची, मिनिटभर थांबायचं, आकडा बघायचा, मग पुढं. आरएसआरपी सगळ्यात जास्त कुठं येतो त्यापेक्षा एसआयएनआर कुठं चांगला येतो तिथं थांबा, मला विचाराल तर स्वच्छ सिग्नल हा जोरदार सिग्नलपेक्षा केव्हाही बरा.

दुसरं मोठं कारण म्हणजे बाहेरची अँटेना आणि आतली अँटेना एकमेकींना ऐकतात. गणपतीच्या मंडपात माइक स्पीकरसमोर नेला की कुंईऽऽ करून ओरडतो ना, तसंच हे, फक्त आपल्याला ऐकू येत नाही. चांगला बूस्टर हे ओळखून आपली ताकद आपोआप कमी करतो किंवा काही सेकंद बंद पडतो, दिवा लाल किंवा नारिंगी होतो, परत चालू होतो, आणि दर वेळी चालू कॉल मरतो. एक कॉल अर्ध्या मिनिटात, दुसरा दोन मिनिटांत, कशाला कशाचा मेळ नाही असं असेल तर हेच समजा. बूस्टरची ताकद ७० डीबी असेल तर दोन अँटेनांमधला अडथळा ८५ डीबीच्या आसपास पाहिजे. स्लॅबचं घर असेल तर काँक्रीट आणि सळ्या बरंच काम करतात. पण खानापूरकडं अजून कौलारू घरं भरपूर आहेत, आणि कौल सिग्नलला जवळजवळ अडवतच नाही, त्यामुळं तिथं हा त्रास जास्त. अशा घरात बाहेरची अँटेना उंच पाइपवर न्यायची, तिचं तोंड घरापासनं उलट दिशेला पाहिजे, आणि आतली अँटेना दुसऱ्या टोकाच्या खोलीत, जांभ्याच्या जाड भिंतीच्या आड लावायची. गेन, म्हणजे बूस्टरची ताकद, कमी करायचं बटण असेल तर थोडं कमी करून बघा, कमी केल्यावर कॉल टिकायला लागला तर निदान पक्कं झालं. ताकद कमी करून रेंज सुधारते हे ऐकायला उलटं वाटतं, पण असंच आहे.

केबल. टीव्हीच्या डिशची केबल ७५ ओमची, बूस्टरची ५० ओमची, कोणी उरलेली डिशची केबल जोडून दिली असेल तर बदलून घ्या. बारीक आरजी-५८ केबल १५ मीटर टाकली तर १८०० मेगाहर्ट्झला साधारण १० डीबी रस्त्यातच जातात, जाड एलएमआर-४०० ला तेवढ्यात ३ च्या आसपास.

पावसाळ्यात रेंज जाते असं सगळे म्हणतात. मोबाइलच्या फ्रिक्वेन्सीला पाण्याचे थेंब फारसे अडवत नाहीत, अडवतात ती भिजलेली झाडं, आणि खरा घात करतं ते कनेक्टरमध्ये शिरलेलं पाणी. जांबोटी-कणकुंबीच्या पावसात नुसती काळी इन्सुलेशन टेप टिकत नाही, स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप ताणून गुंडाळून वर दुसरी टेप लागते, आणि केबल घरात शिरायच्या आधी खाली झोळ देऊन मग आत घ्यायची म्हणजे पाणी झोळावरनं गळून जातं. मृगाच्या आधी हे बघून घ्या. वळवाच्या विजा सुरू व्हायच्या आत अर्थिंग आणि अरेस्टर (विजेचा झटका जमिनीत सोडणारा) आहे का तेही, छतावरचा धातूचा पाइप आणि त्याची केबल थेट घरात येतीय, यात हयगय नको.

लाइट येता जाता कॉल कट होत असेल तर उत्तर समोरच आहे, बूस्टरला छोटा यूपीएस लावा. व्होल्टेज खाली आलं की अॅडॅप्टर पुरेसा करंट देत नाही आणि बूस्टर मधनंच रिसेट होतो.

बँडचं, म्हणजे फोन कुठल्या फ्रिक्वेन्सीवर चालतोय त्याचं, पण बघायला लागतं. बरेच बूस्टर ९०० आणि १८०० मेगाहर्ट्झ एवढेच उचलतात. जिओ फोरजी ८५० आणि २३०० वर पण चालतं, बीएसएनएलचं फोरजी ७०० आणि २१०० वर. फोन बूस्टर न उचलणाऱ्या बँडवर गेला की बूस्टर असून नसल्यासारखा. जिओला टूजी-थ्रीजी नाहीच, त्यामुळं फोरजी कमजोर झालं की कॉलला मागं सरकायला जागा नाही. फाइव्हजी फोन असेल तर घरापुरतं नेटवर्क टाइप फोरजीवर ठेवून बघा, कॉल लावताना फाइव्हजीतनं फोरजीत उतरायची धडपड वाचते.

आणि आता वायफाय कॉलिंग, ज्याला मी बूस्टरच्या आधी नंबर देतो. घरात फायबर असेल तर एअरटेल, जिओ आणि व्हीआय या तिन्हींवर हे चालतं, वेगळे पैसे नाहीत, सेटिंग्जमध्ये सिमच्या पानावर वायफाय कॉलिंग चालू करायचं, बास. टॉवर महाराष्ट्राचा की कर्नाटकाचा हा प्रश्नच घरात उरत नाही. कॉलिंग प्रेफरन्स वायफायला द्या, नाहीतर फोन मरतुकडा टॉवर धरूनच बसतो. इथं पण कॉल कट होऊ शकतो, त्याची कारणं ठरलेली: जाड भिंतीपलीकडं वायफाय पोचत नाही, किंवा लाइट गेली की राउटर मेला. पहिल्याला मधल्या खोलीत दुसरा अॅक्सेस पॉइंट, शक्यतो लॅन केबलनं जोडलेला, दुसऱ्याला राउटरचा १२ व्होल्टचा मिनी यूपीएस. फायबरचा ओएनटी बॉक्स (फायबरची वायर ज्यात येऊन जोडली जाते तो) वेगळा असेल तर त्यालाही त्याच यूपीएसवर घ्या, लोक राउटर चालू ठेवतात आणि ओएनटी विसरतात.

एवढं करूनही कट होत असेल तर मोबाइल कंपनीच्या १९८ नंबरवर तक्रार करा आणि डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा नंबर, लिहून घ्या. नुसतं रेंज नाही म्हणू नका. कुठल्या खोलीत, किती वाजता, आरएसआरपी किती, एमसीसी-एमएनसी काय, बूस्टर बंद ठेवून काय झालं, हे सगळं सांगा, आणि घरात दोन सर्कल येतात हे आवर्जून सांगा, कारण बेंगळूरच्या कॉल सेंटरमध्ये बसलेल्या माणसाला बाची आणि शिनोळीमध्ये किती अंतर आहे ते माहीत असायचं कारण नाही. उत्तर समाधानाचं नसेल तर त्याच डॉकेट नंबरवर कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडं जाता येतं, त्याला फी नाही. गल्लीतल्या चार-पाच घरांनी आपापल्या नंबरवरनं तक्रार घातली तर अजून चांगलं, मग ते एका घराचं दुखणं राहत नाही, टॉवरची तक्रार होते.