मराठी मजकुराची प्रश्नचिन्हं झाली, तर आधी हेक्स बघा

पीएचपीतून मायएसक्यूएल डेटाबेसमध्ये भरलेलं ‘मराठी’ पानावर ‘?????’ दिसतंय? ब्राउझरशी झटत बसू नका. फॉन्टचा यात संबंध नसतो. टेबलातल्या त्या रकान्यावर हेक्स फंक्शन (बाइट सोळा-आधारी अंकांत दाखवणारं) चालवून साठवलेले बाइट बघा.

‘म’ नीट साठला असेल तर ई०ए४एई दिसतं. म्हणजे डेटा शाबूत आहे, गडबड वाचताना होतेय. सी३ए० ने सुरुवात झाली तर मजकूर दोनदा एन्कोड झालाय, म्हणजे अक्षरांचे बाइट करण्याचं काम दोनदा झालंय. तो उलटा फिरवून बहुतेक वेळा परत मिळतो, पण आधी बॅकअप घ्या. नुसते ३एफ, ३एफ (प्रश्नचिन्हाचा बाइट) दिसले तर मूळ अक्षरं कायमची गेली. खरीच प्रश्नचिन्हं साठली आहेत, बॅकअपशिवाय इलाज नाही.

दोष बहुधा पीएचपी-डेटाबेस कनेक्शनच्या कॅरेक्टर सेटमध्ये (अक्षरांचे बाइट कसे करायचे, त्या पद्धतीत) असतो. टेबलाचा सेट बदलला तरी कनेक्शन लॅटिन१ वर, म्हणजे देवनागरी नसलेल्या सेटवर, राहू शकतं. पीडीओ (पीएचपीची डेटाबेस जोडणी) वापरत असाल तर त्याच्या डीएसएनमध्येच, म्हणजे जोडणीच्या तपशिलाच्या ओळीतच, ‘यूटीएफ८एमबी४’ हा कॅरेक्टर सेट लिहा. मायएसक्यूएलआय ही दुसरी जोडणी वापरत असाल तर सेट-कॅरसेट फंक्शन. ‘सेट नेम्स’ची क्वेरी टाळा, कारण एस्केप करणाऱ्या (क्वेरीतली धोक्याची चिन्हं निष्प्रभ करणाऱ्या) फंक्शनला तो बदल कळत नाही.

मायएसक्यूएलचं नुसतं ‘यूटीएफ८’ ३ बाइटपर्यंतच साठवतं; ते मराठीला पुरतं, कारण देवनागरीचं चिन्ह ३ बाइटचं असतं. पण इमोजी ४ बाइटचा; वाचकाने 🙏 टाकला की स्ट्रिक्ट मोडमध्ये (चुकीचा डेटा नाकारणाऱ्या सेटिंगमध्ये) इन्सर्ट अडतो.

जाता जाता: ‘मराठी’ची लांबी पीएचपीचं बाइट मोजणारं स्ट्रलेन १५ सांगतं, चिन्हं मोजणारं एमबी-स्ट्रलेन ५. बाइट मोजून कापणाऱ्या सबस्ट्रने सारांश कापलात तर शेवटचं अक्षर मध्येच तुटू शकतं. तिथे एमबी-सबस्ट्र वापरा.