शाळा बंद झाली त्या रात्री फ्रिजवर लावलेला कागद

मंगळवारी, 4 जानेवारी 2022 ला संध्याकाळी कॅश टॅली करत होते, तेवढ्यात शाळेच्या ग्रुपवर मेसेज आला. कोरोनामुळे पहिली ते आठवीचे वर्ग उद्यापासून बंद, 30 जानेवारीपर्यंत. हातातलं बंडल खाली ठेवून मेसेज दोनदा वाचला. माझा धाकटा दुसरीत आहे. सिनियर केजीचं वर्ष संपता संपता त्याची शाळा सुटली, अख्खी पहिली फोनवर झाली. 16 डिसेंबरला पुण्यातल्या लहान मुलांच्या शाळा उघडल्या, तेव्हा कुठे तो पहिल्यांदा बाकावर बसला. त्याला तीन आठवडेही पुरे झाले नव्हते. मी घरी पोचले तर दारातच विचारतो, "आई, मग उद्या डबा नाही?"

मी एका सहकारी बँकेत कॅशियर आहे. आम्ही धायरीत राहतो. नवरा चाकणला कंपनीत, शिफ्टने जातो. लेक सहावीत आहे, सासूबाई आमच्याजवळच असतात. मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा मी बऱ्याच चुका केल्या आणि त्या मुलांना महागात पडल्या. या वेळी थोडं शहाणपणाने चाललंय. ज्यांच्या घरी अशीच ओढाताण असेल, त्यांच्या उपयोगी पडेल म्हणून लिहितेय.

पहिल्या रात्री अभ्यासाचा विषयच काढू नका. आधी मोठ्या माणसांचं वेळापत्रक करा. 2020 मध्ये मी मुलांचं केलं होतं. स्केचपेनने रंगवलेलं, सात ते आठ योगासनं, आठ ते नऊ गणित, असं. चौथ्या दिवशी त्याच्याकडे कोणी बघेना, कारण आठ वाजता मुलांजवळ नेमकं कोण असणार हे त्यात कुठेच नव्हतं. बँका चालूच होत्या, मला जावंच लागायचं. या वेळी मी, नवरा आणि सासूबाई जेवण झाल्यावर एकत्र बसलो आणि एका कागदावर दिवसाचे तुकडे पाडून प्रत्येकापुढे नाव लिहिलं. दुसरी शिफ्ट असेल त्या आठवड्यात दुपारी एकपर्यंत बाबा. एक ते चार आजी, पण आजीने अभ्यास घ्यायचा नाही, फक्त जेवू घालायचं आणि आडवं व्हायला लावायचं. चार ते साडेसहा समोरच्या काकूंचं लक्ष, दार उघडं ठेवून. त्यानंतर मी. पहिल्या शिफ्टच्या आठवड्याचा कागद वेगळा. काकूंना आधी विचारलं, अमुक वेळ ते अमुक वेळ, असं स्पष्ट. "जरा लक्ष ठेवा" म्हटलं की शेजारी दिवसभर जबाबदारी घेऊन बसतात, नाहीतर अजिबात घेत नाहीत. घड्याळ सांगितलं की त्यांनाही सोपं जातं.

एक तुकडा माझ्या स्वतःच्या नावावर आहे. घरी आल्यावर पहिली वीस मिनिटं. अंघोळ, चहा, कोणी काही विचारायचं नाही. नोटा हाताळून येते म्हणून अंघोळ आधीपासून होतीच, पण त्या वीस मिनिटांचं खरं कारण दुसरं आहे. 2020 च्या जुलैत एकदा दारातून आत आल्या आल्या लेकीवर हात उचलला होता. वही उघडी टाकून ती भिंतीकडे बघत बसली होती, तिचा अपराध एवढाच. ते मला अजून विसरता येत नाही. तुम्ही दिवसभर बाहेर असाल किंवा घरात राहून काम करत असाल, काम संपणं आणि मुलं हाती घेणं यात थोडी फट ठेवाच.

मग मुलांना सांगणं. मार्च 2020 मध्ये आदेशात 31 तारीख होती, म्हणून मी लेकीला म्हटलं, पंधरा दिवसांचा प्रश्न आहे. ती रोज सकाळी कालनिर्णयवर एक फुली मारायची. 25 तारखेला पाडव्याच्या चौकोनातही तिने गुढीच्या चित्राशेजारी बारीकशी फुली मारली, त्याच दिवसापासून देशभर एकवीस दिवसांचा लॉकडाऊन लागला होता. 31 ची फुली मारली आणि पेन खिशात ठेवून माझ्याकडे बघत उभी राहिली. एप्रिलचं पान तिने उलटलंच नाही. मी उलटायला गेले तर म्हणाली, "राहू दे." त्यानंतर कितीतरी दिवस मी सांगितलेल्या कुठल्याच तारखेवर तिचा विश्वास बसायचा नाही.

म्हणून शेवटची तारीख मुलांच्या हातात देऊ नका. मी या वेळी म्हटलं, "कागदावर 30 तारीख लिहिलीय. ती पुढेही जाऊ शकते, मला नक्की माहीत नाही. कळलं की त्याच दिवशी सांगेन." शनिवारी राज्याचा आदेश आला, 15 फेब्रुवारीपर्यंत बंद. मी त्याच संध्याकाळी सांगितलं. धाकटा थोडा रडला, लेकीने नुसती मान हलवली. पण खोटं पडल्यासारखं कोणालाच वाटलं नाही. उरलेले दिवस मोजायचे नाहीत, झालेले मोजायचे. धाकटा एका बरणीत रोज एक चिंचोका टाकतो.

आता फोन. बहुतेक घरांत खरी अडचण हीच आहे आणि तीच कोणी बोलून दाखवत नाही. पहिल्या वर्षी आमच्याकडे चालणारे फोन दोनच होते आणि दोन्ही आमच्याबरोबर कामावर जायचे. मी दोन महिने बाईंना "नेटवर्क नाही" असं कळवत राहिले. लाज वाटायची. शेवटी एकदा खरं सांगितलं की दिवसा घरात फोनच नसतो. त्या लगेच म्हणाल्या, "अहो, मग आधी का नाही बोललात? वर्गात अशी बरीच मुलं आहेत." त्या दिवसापासून फळ्याचे फोटो आणि गृहपाठ संध्याकाळी यायला लागला. तेव्हा पहिल्याच आठवड्यात वर्गशिक्षिकांना फोन करा आणि तीन गोष्टी सांगा: घरात फोन किती, ते कोणत्या वेळेत घरी असतात, आणि मुलाजवळ मोठं माणूस असतं की नाही.

दोन मुलांचे तास एकाच वेळी आले तर आमच्याकडे फोन लेकीला मिळतो. धाकट्याचा तास बुडाला तर मी जिवाला लावून घेत नाही. जुलै 2020 मध्ये केंद्र सरकारने ज्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यातसुद्धा पहिली ते आठवीसाठी दिवसाला 30 ते 45 मिनिटांचे दोनच तास सांगितले होते. तुमच्या मुलाला सलग चार तास बसवत असतील तर चार पालक मिळून शाळेशी बोला, नीट ऐकून घेतात. पुस्तक हाताशी नसेल तर बालभारतीची पाठ्यपुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात, 'दीक्षा' अ‍ॅपवर धड्यांचे व्हिडिओ आहेत. आमच्या सासूबाईंना मात्र 2020 साली सह्याद्री वाहिनीवर लागणारा 'टिलीमिली' हा अभ्यासाचा कार्यक्रम सगळ्यात आवडला होता, कारण त्याला फोन लागत नव्हता आणि त्या स्वतः नातवाबरोबर बसून बघू शकत होत्या.

फोन हातात धरून किंवा मांडीवर ठेवून मूल बसलं की मान दुखते आणि दहा मिनिटांत ते लोळायला लागतं. पोह्यांचा मोठा स्टीलचा डबा उभा करायचा, त्याला रबरबँडने फोन अडकवायचा आणि डब्याखाली पुस्तकं रचून तो डोळ्यांच्या रेषेत आणायचा. उजेड मुलाच्या तोंडावर यायला हवा, पाठीमागे खिडकी नको. दर वीस मिनिटांनी वीस फुटांपलीकडचं काहीतरी वीस सेकंद बघायचं, डोळ्यांसाठी हा नियम सगळीकडे सांगतात. आमच्या गॅलरीतून सिंहगडावरचा मनोरा दिसतो. "मनोरा बघून ये" एवढं म्हटलं की पुरतं.

आता वाचनाबद्दल सांगते, आणि इथे जरा सविस्तर लिहिणार आहे. डिसेंबरात शाळा उघडली, पहिल्या आठवड्यानंतर बाईंनी मला बोलावून घेतलं. धाकट्याची वही सुंदर होती, अक्षर टपोरं, एकही उत्तर चुकलेलं नाही. "त्याला वाचायला सांगा," त्या म्हणाल्या. त्याने पुस्तक उघडलं, कविता घडाघडा म्हटली, न अडखळता. पण ओळीखाली फिरणारं त्याचं बोट दुसऱ्या ओळीवर होतं आणि तोंड चौथ्या. कविता त्याला पाठ होती. कागदावरच्या अक्षरांशी तिचा काही संबंध आहे हे त्याला ठाऊकच नव्हतं. मी दीड वर्ष रोज त्याच्या वहीवर सही करत होते.

तुमचं मूल पहिली ते चौथीत असेल तर आज रात्रीच बघा. पाठ असलेला धडा देऊ नका. डाळीच्या पाकिटावरचं, दुकानाच्या पाटीवरचं, विजेच्या बिलावरचं मराठी वाचायला द्या. अडखळलं तर रागावू नका, त्याने काही लपवलेलं नसतं, आपण बघितलेलं नसतं.

मग रोज दहा मिनिटं. आमच्याकडे असं चालतं: दिवसभरातली एक गोष्ट तो बोलतो, मी ती त्याच्याच शब्दांत मोठ्या अक्षरात पाटीवर लिहिते आणि तो वाचतो. पहिल्या दिवशी त्याचं वाक्य होतं, "काकूंच्या मांजरीला तीन पिल्लं झाली." "पिल्लं"पाशी गाडी अडली. मी फक्त "पिलं" लिहून दाखवलं, मग मध्ये अर्धा ल घातला. त्याने दोन्ही शब्द चार वेळा म्हणून पाहिले, आणि त्या अर्ध्या ल वर जीभ कशी टेकून थांबते हे कळल्यावर स्वतःच हसला. वाक्य त्याचं असतं, त्यामुळे अर्थ आधीच डोक्यात असतो आणि सगळं लक्ष अक्षरांवर राहतं. पुस्तक वाचताना मी ओळीखाली जाड कागदाची पट्टी धरते, म्हणजे बोट पळत नाही. वेलांटी, उकार सुटत असतील तर सगळी बाराखडी पुन्हा घोकून घेऊ नका, जे चिन्ह सुटतंय त्याचेच पाच शब्द घ्या. आणि दहा मिनिटं म्हणजे दहाच. अकराव्या मिनिटाला तो "अजून" म्हणाला तरी मी पाटी पुसते. दुसऱ्या दिवशी तो स्वतः पाटी घेऊन येतो.

गणिताला मी माझा धंदाच घरी आणलाय. हातच्याची वजाबाकी त्याला काही केल्या उमगत नव्हती. 52 मधून 27. दोनातून सात जात नाहीत, मग शेजारून एक "घ्यायचा" म्हणजे काय घ्यायचं? मी दहाच्या पाच नोटा आणि रुपयाची दोन नाणी पुढ्यात ठेवली आणि म्हटलं, "मला सत्तावीस रुपये दे." दोन नोटा दिल्या, मग हात थांबला. म्हणाला, "सुट्टे नाहीत." मी म्हटलं, "मग काउंटरवर माग." एक नोट माझ्याकडे सरकवून त्याने दहा नाणी घेतली, सात मोजून दिली आणि उरलेले पैसे बघितले, दोन नोटा, पाच नाणी. नंतर तेच वहीत मांडलं. आता हातचा घेताना तो तोंडाने "सुट्टे" म्हणतो. तुमचं किराणा दुकान असेल, शिवणकाम असेल, शेती असेल, तर त्यात असं काही ना काही सापडेलच.

सहावीच्या मुलीचं वेगळं आहे. तिला अभ्यास जमतो, तिला माणसं हवीत. पहिल्या वर्षी ती मैत्रिणींचे फोन घेईनाशी झाली होती आणि मला ते चार महिन्यांनी कळलं. आता एक मैत्रीण ठरवलीय. त्यांच्या घरच्यांशी बोलून ठेवलंय, दोघी रोज संध्याकाळी गच्चीवर, मास्क लावून, अर्धा तास. घरात कोणी शिंकलं-खोकलं तर दोन्हीकडून लगेच कळवायचं. संक्रांतीच्या तिळाच्या वड्याही दोघी मिळून करणार आहेत.

तुमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंची मुलं सरकारी किंवा अनुदानित शाळेत असतील तर त्यांना आठवण करा. गेल्या बंदीत दुपारच्या खिचडीऐवजी तांदूळ आणि डाळी-कडधान्यांचा शिधा शाळांतून वाटला गेला होता. आमच्याकडच्या ताईंना ते तीन महिने कळलंच नव्हतं. या वेळी शाळेत जाऊन विचारायला मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं.

आणि डबा. त्या रात्री धाकट्याला म्हटलं, "आहे की डबा." सकाळी सातला मी तो भरते, शाळेसारखाच, पोळीभाजी आणि कोपऱ्यात शेंगदाण्याची चटणी, बाटलीत पाणी. साडेदहाच्या आधी उघडायचा नाही. यामुळे दिवसभरची चरायची सवय आपोआप थांबली आणि सासूबाईंची ओट्यापाशी होणारी फरपटही. उठायची वेळसुद्धा मी अर्ध्या तासापेक्षा पुढे जाऊ दिलेली नाही.

दप्तर माळ्यावर टाकू नका, खुंटीलाच राहू दे. डिसेंबरात शाळा उघडायच्या आदल्या रात्री आम्ही बूट काढले तर धाकट्याचे केजीतले, बोटंसुद्धा आत जाईनात. लेकीचा गणवेश गुडघ्याच्या वर. दुकानाबाहेर रांग होती आणि त्याच्या मापाचे बूट संपले होते. पहिल्या दिवशी तो चपला घालून गेला आणि दिवसभर पाय बाकाखाली लपवत बसला. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी बूट पायात घालून बघा, आणि घेताना अंगठ्यापुढे एक बोट जागा ठेवून घ्या.