पिकअपला ड्युअल एक्झॉस्ट बसवताय? पाइपचा व्यास ठरवताना या चुका टाळा

अमेरिकेतल्या ५.३ लिटर व्ही-८ (दोन्ही बाजूंना चार-चार सिलिंडर) शेवरले सिल्व्हराडोसारख्या पिकअपला ड्युअल एक्झॉस्ट, म्हणजे धुराचे दोन पाइप, करायचं ठरलं, की हमखास होणारी चूक म्हणजे जुना एक पाइप तीन इंची होता म्हणून नवे दोन्ही तीन इंची घेणं. वायूला वाट मिळते ती पाइपच्या आतल्या क्षेत्रफळातून, आणि दोन पाइप म्हटले की दोघांची बेरीज धरायची.

१६ गेजच्या पाइपची भिंत १.६५ मिमी जाड असते. ती वजा केली की तीन इंची पाइपचं आतलं क्षेत्रफळ साधारण ६.५ चौरस इंच उरतं. सव्वादोन इंची दोन पाइप मिळून ७.१, अडीच इंची दोन ८.८ आणि तीन इंची दोन तब्बल १२.९.

आता इंजिनाची गरज बघा. ठोकताळा असा: हॉर्सपॉवरला २.२ ने गुणा, ११५ ने भागा. येतील तेवढे चौरस इंच लागतात. मूळ इंजिनाच्या ३५५ हॉर्सपॉवरला ६.८ येतात, म्हणजे सव्वादोन इंची जोडी पुरते. हेडर (सिलिंडरमधून धूर नेणाऱ्या नळ्या), कॅम (झडपा उघडणारा दांडा) वगैरे बदलून ४५० पर्यंत नेलं तर ८.६, तिथे अडीच इंची. तीन इंची जोडी साडेसहाशेच्या पुढच्या इंजिनासाठी. गाडी मूळ अवस्थेत असेल आणि पुढेमागे थोडं काम करायचा विचार असेल, तर अडीच इंचीवर थांबावं.

‘थोडं बॅक प्रेशर हवंच’ हे गॅरेजमध्ये सर्रास ऐकू येतं. इंजिनाला अडथळा कधीच नको असतो. हवा असतो वायूचा वेग. पाइप फार रुंद झाला की वेग पडतो आणि पुढच्या सिलिंडरचा धूर ओढून घेणारा झोत मंदावतो. हेडरपासूनच पाइप मोठे घेतले, तर ट्रेलर ओढताना कमी आरपीएमला हा फरक जास्त जाणवतो. फक्त कॅटच्या (धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या) मागचे पाइप बदलले तर तो किरकोळ असतो. केबिनमध्ये घुमणारी गुणगुण आणि जागेची अडचण मात्र तेव्हाही येते.

ही गुणगुण व्ही-८ मध्ये १,८०० आरपीएमला १२० हर्ट्झच्या आसपास असते. निम्मे सिलिंडर बंद करणाऱ्या इंजिनांत तीच ६० वर उतरते आणि हायवेवर कान किटतात. पाइप नुसता लहान केल्याने ती जाईलच असं नाही. मोठ्या आकारमानाचा मफलर (आवाज कमी करणारा डबा) किंवा रेझोनेटर (ठरावीक सूर दाबणारा डबा) लागतो.

कॅटनंतर दोन्ही बाजू वाय-पाइपने (Y आकाराच्या जोडाने) एकत्र येत असतील आणि मफलरमधून दोन तोंडं काढायची असतील, तर खरी अडचण पुढच्या एकेरी पाइपातच आहे. तो तीन इंची ठेवा. मागे वायू थंड होऊन आकसतो, तिथे सव्वादोन इंची जोडी भागते. महाराष्ट्रातल्या हायलक्सचं इंजिन चार सिलिंडरचं, एकाच टर्बोचं. तिथे दोन तोंडं म्हणजे निव्वळ शोभा.

दोन्ही बाजू पूर्ण वेगळ्या ठेवल्या तर मध्ये एच किंवा एक्स-पाइप (दोघांना जोडणारा H वा X आकाराचा तुकडा) हवाच. सिल्व्हराडोचा फायरिंग क्रम (सिलिंडर पेटण्याचा क्रम) १-८-७-२-६-५-४-३. विषम सिलिंडर डावीकडे, सम उजवीकडे. २ आणि ६ लागोपाठ उजवीकडेच फुटतात, ३ आणि १ डावीकडे. जोड नसेल तर एका पाइपात दोन झोत एकामागोमाग येतात आणि आवाज फाटतो.

मापाचा घोळ वेगळाच. पाइपचं माप बाहेरून सांगतात, मफलरच्या तोंडाचं बहुधा आतून. मोजायला पाइपभोवती दोरा गुंडाळा: सव्वादोन इंचीला १८० मिमी, अडीचला २००, तीनला २३९. वाकवण्याची पद्धतही विचारा. साध्या बेंडरवर वळणाच्या आतल्या अंगाला सुरकुत्या पडून पाइप चपटा होतो, मग अडीचचे पैसे देऊन सव्वादोनचं काम मिळतं. मँड्रेल बेंडच (आत दांडा ठेवून, व्यास न बिघडवता वाकवलेला) मागा. यू-क्लॅम्पही पाइप चेपतो, पुन्हा सोडवताना तो कापावा लागतो. दीड-दोन इंच एकात एक सरकवून बँड क्लॅम्प (रुंद पट्टीचा) लावा.

शेवटी जागा. सिल्व्हराडोची इंधनाची टाकी ड्रायव्हरच्या बाजूला असते, म्हणून डावा पाइप तिच्यापासून लांब न्यावा लागतो आणि हीट शील्ड लागतं. मागे स्पेअर टायर आणि पाटे. वेल्डिंग पक्कं करण्याआधी चासी जॅकवर उचलून एक्सल पूर्ण खाली सोडा, मग बेडमध्ये वजन टाकून खाली दाबा. दोन्ही वेळा पाइप आणि एक्सलमध्ये बोट-दोन बोटं अंतर राहिलं तरच वेल्डिंग पूर्ण करा.