लंडनचे वर्ग आणि खासदारांचे कार्यालय : तासांची मांडणी कशी करावी

जळगाव, धुळे किंवा नंदुरबारहून लंडनला राज्यशास्त्र शिकायला गेलेल्या विद्यार्थ्याला ब्रिटिश खासदाराच्या कार्यालयात इंटर्नशिप मिळाली, तर त्याने आधी तासांचा हिशेब मांडावा. पदवी किंवा त्यावरील अभ्यासक्रमाच्या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला जास्तीत जास्त २० तास काम करता येते. हा आठवडा सोमवार ते रविवार असा धरतात, त्यामुळे एका आठवड्यात २५ आणि पुढच्या आठवड्यात १५ तास अशी सरासरी चालत नाही. ठरलेल्या कामाची इंटर्नशिप बिनपगारी असली, तरी तिचे तास यातच मोजले जातात, आणि संध्याकाळी हॉटेलात करत असलेल्या नोकरीचेही. एम.ए. करणाऱ्यांची फसगत बहुधा उन्हाळ्यात होते, कारण वर्ग संपले तरी प्रबंधाचा काळ व्हिसाच्या दृष्टीने सुट्टीचा नसतो.

केळीच्या बागेला पाणी देणारा शेतकरी थ्री फेज लाइट या आठवड्यात दिवसा आहे की रात्री, हे पाहून बाकीची कामे लावतो. इंटर्नने संसदेच्या वेळापत्रकाकडे तसेच पाहावे. हाउस ऑफ कॉमन्सचे कामकाज सर्वसाधारणपणे सोमवारी दुपारी २.३० वाजता, मंगळवारी व बुधवारी ११.३० वाजता आणि गुरुवारी सकाळी ९.३० वाजता सुरू होते, तर पंतप्रधानांचा प्रश्नोत्तरांचा तास बुधवारी दुपारी १२ वाजता असतो. शुक्रवारी बहुतेक खासदार मतदारसंघात जाऊन लोकांची गाऱ्हाणी ऐकतात. या भेटींना तिकडे ‘सर्जरी’ म्हणतात. आपल्या आमदारांच्या संपर्क कार्यालयातली गर्दी डोळ्यांसमोर आणली, तर हा प्रकार लगेच कळतो.

व्याख्यानांची वेळ सहसा बदलता येत नाही, परंतु अनेक विद्यापीठांत चर्चावर्गाचा गट निवडता येतो. तो शक्यतो सोमवारी सकाळी किंवा शुक्रवारी घ्यावा. मंगळवारी व बुधवारी सात-सात तास आणि गुरुवारी सकाळी चार तास दिले, की १८ होतात. उरलेले दोन तास, माझ्या मते, मोकळेच ठेवावेत, कारण मतदान लांबले की कार्यालयही लांबते. वर्गांचे वेळापत्रक रुजू होण्यापूर्वीच कार्यालयप्रमुखांना लेखी द्यावे. एखाद्या बुधवारी मोठी चर्चा आहे म्हणून वर्ग बुडवण्याचा मोह टाळावा. व्हिसाला पुरस्कर्ते असलेल्या विद्यापीठाला हजेरीवर लक्ष ठेवावे लागते आणि दीर्घ गैरहजेरी ब्रिटिश गृहखात्याला कळवावी लागते. संसदेचा पासही सुरक्षा तपासणीनंतरच मिळतो, म्हणून ते अर्ज लवकर भरावेत.

एकाच वाचनाचा दोन्हीकडे उपयोग करता आला, तर पुष्कळ वेळ वाचतो. संसदेतील भाषणांचा अधिकृत वृत्तान्त, म्हणजे ‘हॅन्सार्ड’, आणि समित्यांचे अहवाल इंटरनेटवर विनामूल्य मिळतात; खासदारांसाठी टिपण काढताना वाचलेला वादविवाद निबंधातही खुशाल वापरावा. मतदारांची घर, भत्ता किंवा व्हिसाविषयीची पत्रे मात्र गोपनीय असतात. नावे गाळूनही ती प्रबंधात आणू नयेत.

घरी फोन करण्याची वेळही याच तक्त्यात लिहून ठेवावी. हिवाळ्यात लंडन आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते, म्हणजे बुधवारी संध्याकाळी ७ वाजता कार्यालयातून बाहेर पडाल, तेव्हा जळगावात रात्रीचे साडेबारा वाजलेले असतील. त्यापेक्षा सकाळी ८ वाजता बोलावे. घरी तेव्हा दुपारचा दीड वाजलेला असतो आणि आईची जेवणे उरकलेली असतात.