केळीचा मृगबाग लावलाय ना, मग हरण्या रोगाचं आधी वाचा, औषधाचं नंतर बघू

राम राम मंडळी. रावेर, यावल, चोपडा, मुक्ताईनगर, सगळीकडे केळीच्या मृगबागेची, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीची लागवड झाली किंवा होऊन राहिली, आणि आता ढगाळ वातावरण, दिवसभर रिमझिम, ऊन नाही असे आठ-दहा दिवस लागले की व्हॉट्सअपवर फोटो सुरू होतात, दादा पानावर पिवळे पट्टे आलेत काय मारू. म्हणून म्हटलं यावेळी फोटो यायच्या आधीच लिहावं.

आधी ओळख. कोवळ्या पानावर शिरांच्या दिशेने फिकट पिवळे, तुटक तुटक पट्टे दिसतात, पानाच्या कडा वर वळतात, पान अरुंद आणि छोटं निघतं, जास्त झालं की पोंगा, म्हणजे मधलं न उलगडलेलं नवीन पान, पिवळा पडून सडतो. आपल्याकडे याला हरण्या म्हणतात, शास्त्रीय नाव कुकुंबर मोझॅक व्हायरस म्हणजे सीएमव्ही. नावात काकडी आहे कारण १९१६ साली अमेरिकेत तो पहिल्यांदा काकडीवरच ओळखला गेला, पण आज तो हजाराच्या वर जातीच्या झाडांवर जगतो हे माहीत आहे. केळी त्यातली एक. म्हणजे हा केळीचा रोग नाही, बाहेरून केळीत येणारा रोग आहे, आणि माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीवर उभं आहे.

आणणारा कोण तर मावा, झाडाचा रस शोषणारी बारीक कीड. ऐंशीच्या वर जातीचे मावे याला वाहून नेतात, आपल्याकडे मुख्य म्हणजे कपाशी, काकडी, भोपळा यांच्यावर असतो तो. आता नीट लक्ष द्या, कारण इथेच आपण चुकतो. मावा रोगट झाडावर बसला, सोंड टोचून चव बघितली, तेवढ्या काही सेकंदांत व्हायरस त्याच्या सोंडेला चिकटतो. तिथून उडून आपल्या रोपावर बसला, पुन्हा चव बघायला टोचलं, काही सेकंदांत व्हायरस रोपात. केळी त्याला आवडली नाही तर तो उडून पुढच्या रोपावर. मग आपण मारलेलं औषध त्याला कधी मारणार? औषधाने मावा मरायला वेळ लागतो, तोवर त्याचं काम झालेलं असतं, उलट फवारणीने तो अस्वस्थ होऊन चार रोपांवर जास्त फिरू शकतो. एक गोष्ट मात्र आपल्या बाजूची आहे, सोंडेवरचा हा व्हायरस फार टिकत नाही, काही तासांत किंवा दोनचार ठिकाणी टोचल्यावर निघून जातो. म्हणजे रोगाचं मूळ बागेच्या जवळपासच असतं, दूर नाही.

२०२० साली आपल्या भागात हरण्याने किती बागा उपटायला लावल्या ते सगळ्यांना आठवत असेल. त्या वर्षी माझ्या बागेत सुरुवातीला मोजून अकरा रोपं दिसली होती. मी उपटली नाहीत. टिश्यू कल्चरचं, लॅबमध्ये तयार केलेलं एवढं महागाचं रोप, जीव होत नव्हता, आणि त्यात तीन-चार दिवस कडक ऊन पडलं तर त्याच रोपांना नवीन पान जवळजवळ स्वच्छ निघालं, मला वाटलं औषध लागू पडलं. तसं नसतं हो. तापमान वाढलं की लक्षणं दबतात, व्हायरस झाडातच असतो. पुढच्या ढगाळ आठवड्यात पट्टे परत आले आणि एकट्या त्या रोपांवर नाही, आजूबाजूच्या ओळींवरही आले. अकरा रोपं वाचवायच्या नादात अर्धा एकर गेला. ते दुःख अजून आहे, म्हणून एवढं कळकळीने सांगतोय.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात २०१० साली एक अभ्यास झाला, तो मला फार महत्त्वाचा वाटतो. भोपळ्याच्या रोपांना सीएमव्ही लावला आणि बघितलं की मावा कुठे जातो. लागण झालेल्या रोपातून वास जास्त सुटायचा, त्या वासाने मावा ओढला जायचा, पण रोपाची चव बिघडलेली असल्याने तो तिथे थांबत नव्हता, टोचून लगेच दुसरीकडे निघून जायचा. व्हायरसला नेमकं हेच हवं असतं, मावा यावा, सोंड बुडवावी आणि लगेच निघावं. म्हणजे बांधावरचा रोगट वेल नुसता उभा नसतो, तो माव्याला बोलावतो आणि पुढे पाठवतो.

बरेच जण विचारतात, लंपीला लस निघाली मग याला का नाही. २०२२ ला लंपी आली तेव्हा गुरांना शेळ्यांच्या देवी रोगाची लस टोचली आणि तिचा उपयोग झाला. पण जनावर आणि झाड यात फरक आहे, लस जनावराच्या शरीराला लढायला शिकवते, झाडात तशी व्यवस्थाच नाही. झाडाचा बचाव वेगळा असतो, ते व्हायरसचे आरएनए, म्हणजे त्याचं जनुकीय द्रव्य, ओळखून कापून टाकतं, आणि सीएमव्हीकडे तो बचाव बंद पाडणारं स्वतःचं प्रोटीन आहे. दुसरं असं की लंपीचा व्हायरस डीएनएचा, तो हळू बदलतो, हा आरएनएचा, नक्कल करताना चुका जास्त करतो म्हणून बदलही लवकर होतात. त्यात याचं आरएनए तीन तुकड्यांत असतं, एकाच झाडात दोन प्रकारचे सीएमव्ही घुसले तर तुकड्यांची अदलाबदल होऊन नवीनच जोड तयार होऊ शकते. अमेरिकेतल्या व्हायरस-शास्त्रज्ञ मॅरिलिन रूसिंक यांच्या टीमने १२ वेगवेगळे, ओळखता येतील असे सीएमव्ही एकत्र करून झाडांत सोडले होते, तर वरच्या पानापर्यंत पोचता पोचता त्यातले बरेच गळाले, आणि माव्याने दुसऱ्या झाडावर नेताना आणखी गळाले. थोडेच पुढे जातात आणि कोणते जातील हे बरंचसं नशिबावर. म्हणून शिवारात जितकी रोगट झाडं उभी तितक्या वेळा ही सोडत निघते, आणि एखाद्या वेळी जास्त त्रासदायक प्रकार पुढे निघू शकतो.

आता कामाचं. लागवडीनंतरचे पहिले तीन-चार महिने जपायचे, टिश्यूचं कोवळं रोप याला लवकर बळी पडतं. दर चार-पाच दिवसांनी सकाळी ओळीओळीने फिरा, ऊन डोक्यावर यायच्या आत, तेव्हा पट्टे नीट दिसतात. संशयास्पद रोप दिसलं की कंदासकट खणून काढा, नुसतं कापलं तर खालून पिल फुटतं आणि तेही रोगट. काढलेलं रोप बांधावर, नाल्यात, रस्त्याला टाकू नका, लांब खड्ड्यात पुरा. विळा-कोयता एका झाडावरून दुसऱ्यावर तसाच फिरवू नका, धुवून घ्या. पुढच्या वर्षासाठी अशा बागेतलं बेणं तर अजिबात नको.

बागेत आणि बांधावर केना, धोत्रा, रिंगणी, शेंदाड, काँग्रेस गवत ठेवू नका. केना तर फार वाईट, पावसाळ्यात चार दिवसांत पसरतो आणि व्हायरस सांभाळून ठेवतो. आंतरपीक म्हणून काकडी, भोपळा, कलिंगड, टोमॅटो, मिरची, वांगी, चवळी यातलं काहीच केळीत घेऊ नका, शेजारीसुद्धा नको. दोन पैसे सुटतात म्हणून घरच्या बायका बांधावर दोन वेल लावतात, त्यांनाही हे समजावून सांगा, रागावून नको. बागेच्या कडेने ज्वारीच्या दोन-तीन दाट ओळी असल्या तर उडत आलेला मावा आधी तिथे टोचतो आणि सोंड बरीचशी तिथेच साफ होते.

फवारणी करूच नका असं मी म्हणत नाही. पण ती केळीच्या रोगट पानावर नको, बांधावरच्या, शेजारच्या पिकावरच्या माव्यावर करा, तिथे तो वस्ती करतो. निंबोळी अर्क ५ टक्के चालतो, कीटकनाशक घ्यायचं तर लेबलवर केळीचं किंवा त्या पिकाचं नाव आहे का बघून घ्या, आणि दुकानदाराने व्हायरसचं औषध म्हणून बाटली दिली तर परत करा, तसं औषध नाही. शंका असेल तर जळगावचं केळी संशोधन केंद्र आहे, पालचं कृषी विज्ञान केंद्र आहे, रोपाचा फोटो घेऊन जा.

रोपं घेताना व्हायरस टेस्टिंगचं सर्टिफिकेट मागा, बॅच नंबरसकट, आणि नर्सरीच्या आजूबाजूला भोपळा-काकडी किंवा तण आहे का ते स्वतः डोळ्याने बघा. लॅबमधून रोप स्वच्छ निघतं, पण हार्डनिंगच्या, म्हणजे रोप बाहेरच्या हवेला सरावायला ठेवतात त्या शेडची जाळी फाटकी असली तर तिथेच लागण होते.

नांग्या भरायची, म्हणजे काढलेल्या रोपांच्या जागा भरायची घाई करू नका. शेजारच्या चार-पाच रोपांवर दोन फेऱ्यांत काही दिसलं नाही तरच त्या जागी नवीन रोप लावा. आणि शेजाऱ्याच्या बागेत दिसलं तर भांडू नका, सोबत जाऊन त्याला काढायला मदत करा, मजूर मिळत नसेल तर तुमचा एक माणूस द्या, कारण त्याच्या बांधावरून तुमची पहिली ओळ पन्नास फुटांवर आहे.