दुखणं लांबणारं असेल, तर पैसे उभे करताना या चुका टाळा

मावशीला ट्रायजेमिनल न्यूराल्जिया, म्हणजे चेहऱ्याच्या मज्जातंतूचं दुखणं, आहे हे कळायच्या आधीच दाढदुखी समजून तिच्या दोन चांगल्या दाढा काढून झाल्या होत्या. गालाला वारा लागला, ब्रश टेकला, की विजेचा झटका बसावा तशी ती पदर गालाशी धरून जागीच थिजायची. झटका ओसरला की पुन्हा नेहमीसारखी. त्यामुळे पैशांसाठी शब्द टाकला तेव्हा पहिलं वाक्य ऐकलं ते हे, "अरे, बरी तर दिसते की!"

चूक आमचीच होती. "मावशीला वाचवा, ५ लाखांची तातडीने गरज" असा मेसेज आम्ही नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला होता. कोणाला कॅन्सर वाटला, कोणाला अतिशयोक्ती. निदानाचं नाव, डॉक्टरांचं पत्र आणि रुग्णालयाने लेखी दिलेला खर्चाचा अंदाज जोडला, तेव्हा कुठे फोन यायला लागले. अशी वेदना बाहेरून दिसत नाही, म्हणून कागद आधी गोळा करा.

याहून मोठी चूक म्हणजे एकरकमी आकडा मागणं. शस्त्रक्रियेचा खर्च एकदाच होतो, पण गोळ्या, रक्ततपासण्या, एसटीचं भाडं, सोबत जाणाऱ्याचा बुडालेला रोज हे दर महिन्याला उभंच असतं. पहिल्या महिन्यात सगळे धावून आले. पाचव्या महिन्यात पुन्हा हात पसरायची आम्हाला लाज वाटू लागली आणि मावशी न सांगता गोळ्या निम्म्या करून घेऊ लागली. कार्बामाझेपिनसारखं या दुखण्यावरचं औषध मनाने कमी किंवा एकदम बंद करायचं नसतं, डॉक्टर ते हळूहळू उतरवतात. हे लक्षात आल्यावर माझी झोप उडाली. तेव्हापासून दोन वेगळ्या मागण्या केल्या. शस्त्रक्रियेची रक्कम एक, आणि "सहा महिने, दरमहा ५०० रुपये" ही दुसरी. दुसरीला होकार देणं लोकांना सोपं जातं, हा माझा अनुभव. जनऔषधी केंद्रातही चौकशी करा, मात्र औषधाची कंपनी बदलण्याआधी डॉक्टरांना विचारा.

लोकांकडे जाण्याआधी सरकारी दारं ठोठवा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, पण ते मुख्यतः भरती होऊन घेतलेल्या उपचारांना. तुमचा उपचार आणि रुग्णालय यादीत आहे का, हे भरतीआधीच तिथल्या आरोग्यमित्राला (रुग्णालयात बसणारा योजनेचा माणूस) किंवा योजनेच्या १५५३८८ या हेल्पलाइनवर विचारा. आधी रोख भरून मागाहून धावपळ केली, तर हाती फारसं लागत नाही. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्याव्या लागतात. त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशन कार्ड घेऊन रुग्णालयातल्या वैद्यकीय समाजसेवकाला भेटा. मुख्यमंत्री सहाय्यता निधीचा अर्जही उपचार आटोपायच्या आतच करा.

पैसे कोणाच्या खात्यात घ्यायचे, हे आम्ही गृहीतच धरलं होतं. माझ्याच खात्यात आले, घरखर्चात मिसळले, आणि हिशोब विचारल्यावर मला धड सांगता येईना. वेगळं खातं ठेवा, शक्य तिथे थेट रुग्णालयाला भरायला सांगा. कराचंही पाहा. नात्याबाहेरच्या लोकांकडून वर्षात एकूण ५०,००० रुपयांपेक्षा जास्त भेट मिळाली, तर ती सगळी रक्कम करपात्र ठरू शकते. त्यात कायद्याची 'नातेवाईक' ही व्याख्या आपल्या नात्यांसारखी नाही. मावशीने भाच्याला दिलं तर करमुक्त, पण भाच्याने मावशीला दिलेलं त्या व्याख्येत बसत नाही. मोठी रक्कम जमणार असेल तर सीएला आधीच विचारा.

फोटो टाकण्याआधी रुग्णाला विचारा. आधार क्रमांक, पत्ता, केस पेपरवरचा मोबाईल नंबर झाका. असे मेसेज उचलून त्यात स्वतःचा क्यूआर कोड डकवणारे असतात, म्हणून पडताळणीसाठी घरातल्या एकाच माणसाचा नंबर द्या.

आम्ही मावशीला फार उशिरा विचारलं. ती म्हणाली, "माझं तोंड कशाला दाखवता? वहीचा फोटो टाका की." आता दर महिन्याच्या एक तारखेला तिच्या दोनशेपानी वहीचं पान ग्रुपवर जातं. तारीख, गोळ्या, बिल, शिल्लक, सगळं तिच्याच अक्षरात.